झाडं मोजून काय होणार?

झाडं तोडायचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच आकडा पुढे येतो. इतकी तोडणार, त्याच्या इतक्या पट लावणार. 2021 मध्ये अजनीच्या इंटरमॉडेल स्टेशनवरून नागपुरात वाद पेटला, लोक रस्त्यावर आले, प्रकरण हायकोर्टात गेलं. तेव्हाही बहुतेक बोलणं झाडांच्या संख्येवरच अडकलेलं. त्याच वर्षी राज्याचा वृक्ष कायदा बदलला: पन्नास वर्षांच्या वरचं झाड 'हेरिटेज', आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी रोपं लावायची. हेतू चांगलाच आहे. पण कुठे लावायची? जागा सलग की तुकड्यातुकड्यात? माझ्या मते खरा प्रश्न तो आहे.

बारावीच्या केमिस्ट्रीत ज्यांचं समीकरण घोकलं त्या अऱ्हेनिअस साहेबांच्या मुलाने, ओलोफने, 1921 मध्ये वनस्पतींच्या जाती आणि क्षेत्रफळ यांचं नातं सूत्रात मांडलं. एकट्या पडलेल्या तुकड्यांसाठी ढोबळ हिशोब असा, की जागा दहाव्या हिश्श्यावर आली तर निम्म्याच्या आसपास जाती टिकतात. बाकीच्या लगेच जात नाहीत, हीच गंमत. मोठी झाडं उभी असतात, खाली त्यांची रोपं मात्र येत नाहीत. उधारी चढत राहते.

आता कडेचा हिशोब बघा. समजा एक हेक्टरचा चौकोनी तुकडा, 100 बाय 100 मीटर. ऊन, वारा, गाजरगवत, घाणेरी, कचरा हे सगळं कडेने 25 मीटर आत शिरतं असं धरा. मधे खरं रान उरलं 50 बाय 50, म्हणजे पाव हेक्टर. तोच हेक्टर चार बगिच्यांत वाटला तर? प्रत्येक बगिचा 50 बाय 50, आणि आत उरलं शून्य! झाडं तितकीच, क्षेत्रफळही तितकंच. कागदावर सगळं बरोबर :-)

यावर ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "अरे, कासचं पठार केवढंसं आहे, तरी तिथे शेकडो जाती आहेतच ना!" मुद्दा बरोबर आहे. लहान जागाही अनमोल असते. पण काससारखा पातळ मातीचा कातळ दुसरीकडे बनवता येत नाही, आणि जिथे दुर्मीळ जातीची मोजकीच झाडं उरलीत तिथे एक वणवा किंवा एक जेसीबी पुरतो. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी घ्या. जगात फक्त महाराष्ट्रात, तेही थोड्याच कड्यांवर. कुंडीत ती फांदीपासून सहज वाढते, म्हणून लोक म्हणतात की वाचली. पण त्या सगळ्या कुंड्या एकाच झाडाच्या असतील तर ती एकाच फाईलची कॉपी-पेस्ट झाली. एक रोग आला की सगळ्या गेल्या. कड्यावरचं वेगवेगळं बियाणं, परागीभवन करणारे कीटक, हे कुंडीत येत नाहीत.

असो. आमच्या मनीषनगरात रिकामा प्लॉट दिसला की लोकांना तो 'वाया गेलेला' वाटतो. मग ओपन स्पेसमध्ये पेव्हर ब्लॉक, लॉन, चार अशोक. पावसाळ्यात आपोआप उगवणाऱ्या गवताला आणि वेलींना कोणत्याच यादीत जागा नाही, कारण ती 'झाडं' नाहीत. पुढच्या वेळी कुणी सांगितलं की एवढी हजार रोपं लावतोय, तर एवढंच विचारा: सलग किती एकर, आणि तिथे आज काय उगवतंय?