पोरांनी काढलेला सिनेमा आणि आपली तोड



गेल्या हंगामात आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी एक सिनेमा काढला. सिनेमा म्हणजे तुम्ही समजता तसा नव्हे. गुरुजींचा मोबाइल, रविवारची सुट्टी आणि सातवीतली पाच पोरे, एवढ्या भांडवलावर झालेले हे काम. लांबी ११ मिनिटे. विषय ऊसतोडीचा. त्यात आमचेही दर्शन घडते, आणि खरे सांगायचे तर आजचे हे लिहिणे तिथूनच सुरू झाले आहे.

आधी यंत्राचे सांगतो. माझे सव्वा एकर को ८६०३२, रस्त्याकडेला. दोन वर्षे तोडीला उशीर झाला. एका वर्षी तर पाळीपत्रकात नंबर येऊनही टोळी तीन आठवडे फिरकली नाही, आणि आली तेव्हा खुशालीचे पैसे मोजल्याशिवाय कोयता उसाला लागला नाही. वर ट्रॅक्टरवाल्याची एन्ट्री वेगळी. हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, मी नवीन काय सांगणार. म्हणून लावणीच्या वेळीच सरी तीन फुटांची होती ती साडेचार फुटांवर नेली आणि शेती खात्याकडे यंत्राची मागणी नोंदवली. यंत्र आले, सकाळी शिरले आणि दुपारच्या जेवणाला रान मोकळे! साठ टन ऊस. दहा कोयत्यांच्या टोळीला याच कामाला तीन दिवस लागले असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाकाठी दोनेक टन तोडते, बांधते आणि भरते. यंत्र दिवसाला शंभर-दीडशे टन सहज ओढते. हिशेब तुम्हीच करा, किती जोड्यांचे काम एका ड्रायव्हरच्या खुर्चीत येऊन बसले.

त्या दिवशी पोरे मोबाइल घेऊन बांधावर आली होती. एकाने मला विचारले, "आबा, मशीन आलं, कसं वाटतंय?" मी हसत म्हणालो, "कसं वाटायचं? सुटलो बाबा एकदाचा!" बोलून गेलो आणि विसरलो.

पुढे शाळेत आम्हा चार-पाच जणांना तो सिनेमा दाखवला. मी पडद्यावर हसत "सुटलो" म्हणतो आणि लगेच पुढचे चित्र येते ते माझ्याच रानाच्या पलीकडच्या बांधावरचे. तिथे टोळीतले एक कुटुंब बसलेले. नवरा विळ्या-कोयत्याला धार लावतो आहे, बायको मूल पाजते आहे, आणि दोघेही यंत्राकडे बघत आहेत. कोणी बोलत नाही. अर्धा मिनिट नुसता यंत्राचा आवाज. मला घाम फुटला. मी गुरुजींना म्हटले, माझे तेवढे काढून टाका. ज्या मुलीने ते जोडले होते ती तिथेच उभी होती. ती म्हणाली, "आबा, तुम्हीच बोललाय की." पुढे काय बोलणार?

ही मुलगी आपल्या गावची नव्हे. बीड जिल्ह्यातून आलेल्या टोळीतली. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर येते, एप्रिलला परत जाते. तिकडे शाळेत नाव, इकडे शाळेत बसणे. गुरुजींनी तिलाच कॅमेरा धरायला दिला, कारण फडात कुठे उभे राहावे हे तिलाच ठाऊक होते. आपली पोरे उसाच्या कडेने फिरली असती. तिने मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी आपली आई खालून टिपली आहे. पायाखाली फळी वाकते, तिथे आमच्यासारख्या तोड बघून केस पांढरे झालेल्या माणसाचाही श्वास अडकतो. पन्नास वर्षे ही फळी बघतो आहे, पण खालून कधी बघितली नव्हती.

गुरुजींनी सिनेमा काढायच्या आधी पोरांना दोन जुनी चित्रे दाखवली होती. एक चार्ली चॅप्लिनचे १९३६ सालचे ‘मॉडर्न टाइम्स’. पट्ट्यावरून येणारे नट आवळता आवळता कामगाराला वेड लागते आणि मालक त्याला यंत्राने जेवण भरवू बघतो, ते चित्र. पोरे हसून लोळली म्हणे. दुसरे त्याहून जुने, फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंचे. १८९५ साली या भावांनी ल्यों शहरातल्या स्वतःच्या कारखान्याची सुट्टी टिपली. दरवाजा उघडतो, बाया-माणसे बाहेर पडतात, मिनिटाच्या आत खेळ खलास. याच बंधूंचा खेळ पुढल्या वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला आणि आपल्या देशाने हलते चित्र पहिल्यांदा बघितले. मला यातली गंमत अशी वाटते की, कामगारांवरचे ते पहिले चित्र, पण कॅमेरा फाटकाच्या बाहेर. आत काय चालते ते मालकाने दाखवले नाही. मालकाचाच कॅमेरा होता, दाखवील कशाला? इथे कॅमेरा तोडणाऱ्याच्या पोरीच्या हातात आला आणि तो थेट फडात गेला.

आपल्याकडेही दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली दाखवला, त्याच्या आधी कुंडीत वाटाणा पेरून त्याचा कोंब रोज थोडा थोडा टिपला होता. ते छोटे चित्र दाखवूनच त्यांनी पुढच्या कामासाठी पैसा उभा केला. म्हणजे मराठी माणसाच्या सिनेमाची सुरुवात एका उगवत्या रोपापासूनच झालेली आहे, देव-देवता मागून आल्या. आमच्या पोरांनी हे ऐकून खोडव्याच्या फुटव्यावर तोच प्रयोग केला. रोज शाळेला जाताना एक फोटो. यंत्राने तोडलेल्या रानात एक आणि कोयत्याने तोडलेल्या रानात एक. दोन्ही शेजारी लावून दाखवले आहेत. यंत्राने बुडखा जमिनीलगत सारखा छाटला तिथे कोंब एकसारखे आले, पण जिथे ट्रॉलीचे चाक दोनदा फिरले त्या सरीत नांग्या पडल्या. हे आपल्या शेती खात्यानेही बघण्यासारखे आहे. फुकटची पाहणी झालेली आहे.

आता काही जण म्हणतील, पोरांनी अभ्यास सोडून हे काय चालवले आहे. मला विचाराल तर मोट गेली तेव्हा अशी पोरे असायला हवी होती. आमच्या विहिरीवर मोट होती. माझे आजे ती हाकत. इंजिन आले, मागून विजेची मोटर आली, आणि मोटकरी, नाडा वळणारा, चामड्याची सोंड शिवणारा, सगळे एका पिढीत गेले. कुठे गेले, काय करून जगले, कोणी टिपून ठेवले नाही. गुऱ्हाळाचा बैलांचा चरकही तसाच गेला. मी यंत्राच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते म्हणून आपल्याच वाडवडिलांनी तो घ्यायला नकार दिला होता. तसला शहाणपणा आता नको. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड भागात हातात कोयते घेऊन ऊस तोडणारी इटालियन आणि इतर माणसे एके काळी हजारांनी होती. १९७० च्या दशकाअखेर तिथला जवळजवळ सगळा ऊस यंत्राखाली गेला. आपल्याकडेही ते येणार. सरकारने २०२३ साली ९०० यंत्रांना अनुदान द्यायचे ठरवले ते उगाच नव्हे.

पण फरक आहे. तिकडे सरी अर्धा मैल सरळ जाते. इकडे वीस गुंठ्यांत चार बांध आणि मध्ये विहीर. यंत्र वळणार कुठे? त्यामुळे प्रत्यक्षात घडते आहे ते असे, की रस्त्याकडेचा, सरळ उभा, रुंद सरीचा ऊस यंत्राला जातो, आणि कोयत्याच्या वाट्याला उरतो तो लोळलेला, ओढ्याकाठचा, पाणथळ, गाडी न लागणारा. तिथे दिवसाला दोन टन सोडा, सव्वा टनही निघत नाही. दर मात्र टनावर. २०२४ च्या जानेवारीत तोडणीदरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, ही चांगली गोष्ट. पण टनाचा दर वाढला आणि दिवसाचे टन घटले, तर माणसाच्या हातात काय पडले? सिनेमात ती पोरगी आपल्या आईला हेच विचारते. आई म्हणते, "उचल तर घेतलेली हाय ना बाई. चांगला ऊस मशीनला, वाईट आमाला. मग उचल फिटायची कवा?" जोडीमागे लाखभराची उचल अंगावर असते. ती या हंगामात फिटली नाही की पुढच्या हंगामाला बांधलेलीच.

याच जागी आपल्यातल्या काही मंडळींनी हरकत घेतली. म्हणाले, हा भाग काढा, कारखान्याची बदनामी होते. शाळेच्या कार्यक्रमात सिनेमा दाखवला तो हा भाग वगळून, सात मिनिटांचा. मी स्वतःचे वाक्य काढायला सांगितले होते, तेव्हा त्यांना दोष कोणत्या तोंडाने देऊ? पण घरी जाऊन विचार केला तेव्हा पटले की आम्ही दोघेही चुकलो.

कारण पोरांनी एकाची बाजू घेतलेली नाही. त्याच सिनेमात एक तोडणारा खुशाली मागतो ते आहे. मुकादम उचल घेऊन पळाल्याने ट्रॅक्टर विकावा लागलेला आपल्याच गावचा वाहतूकदार बोलतो, त्याचा आवाज भरून येतो, तेही आहे. यंत्राने कापलेल्या उसाला पाचटापोटी वजनात वजावट होते, त्यावर कुरकुर करणारा सभासद आहे. वाढे मिळेनासे झाले म्हणून गोठ्यात हंबरणारी म्हैस आहे. वाढ्याचे घ्या, मला तर हे आधी सुचलेच नव्हते. कोयत्याची तोड चालू असली की चार महिने जनावरांना वाढे फुकट नाही तरी स्वस्तात मिळत. यंत्र शेंडे छाटून रानात फेकते. पाचटाबरोबर कुजते, जमिनीला बरे, पण गोठ्यातल्या दावणीचे काय? टोळीच्या बैलांचा चारा आणि वाढे विकून होणारा मीठ-मिरचीचा खर्च, दोन्ही त्यातच गेले.

हे सगळे आपण सभेत बोलतो का? सभेत ‘मंजूर, मंजूर’ होते आणि जेवणाच्या पंगती बसतात. सहकाराचा अर्थ सभासदाने आपला कारखाना डोळे उघडून बघावा असा आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली सहकारी कारखान्याचे पहिले गाळप सुरू केले तेव्हा शेतकरी धनी होणार, ही त्यातली मोठी गोष्ट होती. धनी झालो. मग बांधावर बसलेल्या त्या जोडीकडे बघायचे काम ल्युमिएर साहेबासारखे फाटकाबाहेर ठेवून कसे चालेल?

माझे मागणे मोठे नाही. यंत्राला आणि टोळीला प्रोग्रॅम देताना शेती खात्याने चांगला ऊस नि अडचणीचा ऊस यांची वाटणी बघून द्यावी. एका टोळीला सलग पडलेलाच ऊस देऊ नये, आणि दिलाच तर पडलेल्या उसाला वेगळा दर धरावा. यंत्रावर दुसरा माणूस लागतो, डिझेल-पात्यांचे काम लागते, ते शिकवायला टोळीतली तरुण पोरे घ्यावीत. आणि येत्या वार्षिक सभेत अहवालवाचन झाल्यावर, आभाराच्या आधी, हा सिनेमा पुरा ११ मिनिटांचा दाखवावा. माझ्या "सुटलो"सकट. सभागृहात पडदा आहे, यंत्र आहे, खर्च शून्य.

संचालक मंडळाला तसे पत्र मी दिले आहे. आणखी दहा सभासदांच्या सह्या मिळाल्या तर बरे. सह्यांचा कागद गट ऑफिसात चिटबॉयकडे ठेवला आहे. जरा लवकर करावे, कारण ती मुलगी एप्रिललाच गावी गेली, सिनेमाची एकुलती एक प्रत गुरुजींच्या मोबाइलमध्ये आहे, आणि गुरुजी म्हणतात की त्यांचा फोन भरत आला आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद