मांजराची सर्दी हटत नसेल तर

नाशिककरांनो, 2021च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस हा शब्द घरोघरी पोहोचला. नाकातून शिरलेली बुरशी मेंदूपर्यंत जाते, हे तेव्हा आपण सगळ्यांनी धसक्याने ऐकलं. मांजरांनाही नाकावाटे मेंदू गाठणारी एक बुरशी होते. तिचं नाव क्रिप्टोकॉकस. म्युकरपेक्षा ती फार संथ आहे, म्हणूनच उशिरा लक्षात येते.

कबुतरांच्या वाळक्या विष्ठेत ती असते, निलगिरी-जांभळाच्या ढोलीतही सापडते. पंचवटीत, जुन्या नाशकात वाड्यांच्या माळ्यावर पारव्यांचा मुक्काम आणि तिथेच मांजरांची ये-जा. बहुतेक मांजरांना काही होत नाही. पण एकाच नाकपुडीतून शेंबूड, नाकाच्या हाडावर उंचवटा, अँटिबायोटिक देऊनही फरक नाही, असं दिसलं तर थांबू नका. पुढे मान कलते, मांजर गोल गोल फिरतं, पाय लटपटतात, फिट येते. कधी भर उन्हात डोळ्याच्या बाहुल्या मोठ्याच राहतात आणि रोजच्या कठड्यावरची उडी चुकते. त्याला दिसेनासं झालेलं असतं.

अशा वेळी निदानाआधी स्टिरॉइड नको. बुरशी असेल तर ती त्याने फोफावते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'नाकातला स्राव किंवा गाठीतलं पाणी मायक्रोस्कोपखाली बघता येईल का?' काळ्या शाईच्या थेंबात या बुरशीच्या गोल पेशीभोवती पांढरं कडं उठून दिसतं. ते कडं म्हणजे तिचं जाड कवच. याच कवचाचे अंश रक्तात उतरतात, ते शोधणारी क्रिप्टोकॉकल अँटिजेन चाचणी माणसांच्या लॅबमध्येही होते. चाचणी बुरशीचे अंश शोधते, त्यामुळे मांजराच्या रक्तावरही चालते. मात्र पॉझिटिव्ह आल्यास दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी. तपासणीसाठी पाठीतून पाणी काढायला भूल द्यावी लागते आणि मेंदूवर दाब असेल तर त्यात धोका असतो, म्हणून आधी रक्त तपासणं बरं. उपचार आहेत, पण ते महिनोन् महिने चालतात. मांजर खेळायला लागलं म्हणून गोळ्या बंद करू नका.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत आधी. लस न घेतलेलं मांजर अचानक बिथरलं, लाळ गाळू लागलं, अंगावर आलं, तर रेबीज धरूनच चाला. हात लावू नका. चावलं-ओरबाडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.

क्रिप्टोकॉकस मांजराकडून माणसाला लागत नाही, तेव्हा आजारी मांजराला घराबाहेर काढू नका. दोघांनाही हा आजार धुळीतूनच होतो. माळा कोरडा झाडू नका. आधी पाणी मारा, मास्क लावा, मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात एचआयव्हीचे किंवा किडनी बदललेले रुग्ण असतील तर हे काम त्यांना मुळीच सांगू नका.