मे महिन्यातली केळी

रावेर-यावल पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. कोरडे गरम वारे सुटतात, पानांच्या चिरफाळ्या होतात, भरलेला घड झाडासकट आडवा होतो. केळीला उष्ण हवामान मानवते ते दमट असेल तर. भाजणारा वारा तिला सोसत नाही. म्हणून बागेच्या कडेने दाट शेवरी किंवा गजराज गवत लावणारा शेतकरी आम्हाला शहाणा वाटतो. थोडी जमीन जाते, पण बाग उभी राहते.

ठिबक आणि ऊतिसंवर्धित रोपांनी जळगावची केळी सुधारली, यात वाद नाही. काळजी वेगळीच आहे. शिवारेच्या शिवारे एकट्या ग्रँड नैनने भरली आहेत. ही रोपे एकमेकांच्या हुबेहूब प्रती. एकीला लागणारा रोग सगळ्यांना लागू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाचा केळीव्यापार ज्या ग्रोस मिशेल वाणावर चालत होता, ते पनामा मर रोगाने असेच बागांतून उठवले.

वसईची सुकेळी ज्या राजेळीपासून होतात, तिचे आणि वेलचीचे कंद म्हणूनच आजही लावले गेले पाहिजेत, निदान परसात तरी. या अंकात जुन्या वाणांना जास्त पाने दिली आहेत, ती याचसाठी.