रंगाआधी गंज



नंदगडात पाऊस एकदा लागला की गाड्यांच्या मडगार्डमध्ये तांबडा चिखल थापला जातो. बाहेरून आपण गाडी लख्ख पुसतो. आतला चिखल तसाच राहतो आणि ऊन पडलं तरी ओल धरून बसतो. गंजाची सुरुवात तिथे, आपल्या नजरेआड होते.

आम्हा स्वयंसेवकांच्या जुन्या जीपचं हेच झालं. आजारी माणसाला खानापूरला दवाखान्यात न्यायचं आणि ज्यांना चालवत नाही त्यांना रविवारी मिस्साला आणायचं, ही तिची कामं. सणाच्या आठवड्यात पुढच्या मडगार्डवर हरभऱ्याएवढे दोन-तीन फोड दिसले. गाडी चांगली दिसावी म्हणून आम्ही वरवर पॉलिश पेपर मारला, पुट्टी भरली आणि रंग दिला. लोकांनी कौतुक केलं, आम्हीही ते आनंदाने घेतलं. आत गंज आहे हे मात्र आम्हाला माहीत होतं.

पुढचा पावसाळा सरेपर्यंत तिथे अंगठा जाईल एवढं भोक पडलं. पत्रा कापून ठिगळ वेल्ड करावं लागलं. गाडी गॅरेजात अडकली आणि तीन रविवार एक आजी घरीच राहिल्या. त्यांनी तक्रार केली नाही. "गाडी कधी येणार रे पोरांनो?" एवढंच विचारलं. त्या प्रश्नाने आम्हाला खाली बघायला लावलं.

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचा रंग फुगतो. फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. मडगार्डचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, कधी त्याहून पातळ. त्यात पुट्टी ओल शोषते. गंजावर ती भरली की ओल आत कोंडते.

कुणी म्हणतं, दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहेच की! खरं आहे. पण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे त्यावर बनलेला थरच त्याला जपतो. आपल्या मडगार्डला तसं कवच नाही. त्याला जपणारे आपणच.

यंदा आम्ही काम नीट केलं. आधी आतबाहेर धुऊन गाडी पूर्ण वाळवली. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहिलं; पत्रा दबला तर तिथे पुट्टी चालत नाही, कापावंच लागतं. मग वायर ब्रश आणि ८० नंबरच्या पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलं. डागाभोवतीचा इंचभर चांगला रंगही उतरवला, कारण गंज त्याच्याखाली सरकलेला असतो. उघडं लोखंड दमट हवेत काही तासांतही पुन्हा धरतं, म्हणून प्रायमर त्याच दिवशी दिला. रंग सगळ्यात शेवटी. मडगार्डला आतून अंडरकोटिंगही केलं.

आमचं स्पष्ट मत आहे की गाडीसाठी जमलेल्या पैशांवर पहिला हक्क गंजाचा असावा, रंगाचा नंतर. सणाला गाडी सजवायला आमची ना नाही. पण जे काम कुणाला दिसणार नाही, ते आधी व्हावं. गाडी जुनी आहे, कशाला खर्च, असं म्हणणाऱ्यांना आम्ही त्या तीन रविवारांची आठवण देऊ.

हे लिहिताना स्वतःकडेही पाहावं लागतं. पापनिवेदनाला जाताना आपणही पुष्कळदा वरवरचं सांगतो आणि आतलं झाकून ठेवतो. घासताना दुखतं, चांगला रंगही थोडा जातो, म्हणून हात आखडतो. पण घासल्याशिवाय प्रायमर धरत नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, पाऊस यायच्या आत, सगळ्यांनी आपापली गाडी खाली वाकून एकदा बघूया. फोड दिसला तर त्याच आठवड्यात हात घालूया. पावसाळ्यात दर आठवड्याला मडगार्ड आतून पाण्याने धुऊया. आणि ज्या गाडीची वाट कुणी आजी-आजोबा बघत असतात, तिच्यापासून सुरुवात करूया.

प्रभू आपल्या हातांना बळ देवो.