नेमाची सोय

कुठलीही गोष्ट २१ दिवस सलग केली की तिची सवय लागते, हे इतक्या ठिकाणी ऐकू येतं की त्यामागे एखादा भक्कम प्रयोग असणार असं कुणालाही वाटावं. तसा प्रयोग नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या न्यूयॉर्कच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली ‘सायको-सायबरनेटिक्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलाच वाटू लागायला रुग्णाला किमान २१ दिवस तरी जातात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे व्याख्यात्यांच्या तोंडून फिरता फिरता त्यातलं ‘किमान’ गळालं, चेहराही गळाला आणि उरले नुसते दिवस. हा आकडा सगळ्यांना आवडतो, कारण महिन्याच्या आत निकाल लागतो. सवय नाहीच लागली, तर दोष द्यायला माणूसही आयता सापडतो: आपण स्वतः. निग्रह कमी पडला, झालं. स्वतःला सुधारण्याच्या आपल्या खटाटोपात या निग्रहाला फाजील मान मिळाला आहे, असं माझं मत आहे. चांगली सवय तग धरते ती वेळ, जागा आणि सोबत यांच्या आधारावर. निग्रहाचं काम ही घडी एकदा बसवून देण्यापुरतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक साधी गोष्ट रोज करायला सांगितली. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळायचं. ती गोष्ट विचार न करता आपोआप होऊ लागायला १८ ते २५४ दिवस लागतात, मध्य ६६ दिवसांचा, असं त्यातून निघालं. (२५४ हा आकडा अर्थातच १२ आठवड्यांच्या नोंदींवरून गणिताने पुढे नेलेला आहे, त्याचाही उद्या मंत्र व्हायला नको.) त्यातल्या दोन गोष्टी मला दिवसांच्या हिशेबापेक्षा मोलाच्या वाटतात. एक म्हणजे प्रत्येकाने आपली गोष्ट दिवसातल्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली होती. दुसरी म्हणजे एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. आपल्याकडे एक खाडा पडला की नेम मोडला असं धरतात आणि मग पुढच्या सोमवारची वाट बघतात.

जागेची ताकद किती असते ते डेव्हिड नील आणि वेंडी वुड यांच्या २०११ च्या प्रयोगात दिसतं. सिनेमागृहात काहींना ताजं पॉपकॉर्न दिलं, काहींना आठवडाभर जुनं, सादळलेलं. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी जुनंही ताज्याइतकंच संपवलं, वर चव आवडली नाही असंही सांगितलं! मीटिंगच्या खोलीत पडद्यावर गाणी दाखवून तोच प्रयोग केला, तेव्हा मात्र असं झालं नाही. सिनेमागृहातच रोजच्या सवयीच्या नव्हे तर दुसऱ्या हाताने खायला लावलं, तरी जुनं पॉपकॉर्न खाणं कमी झालं. याहून गंभीर दाखला व्हिएतनामचा. तिथे हेरॉइन स्वस्त आणि मुबलक होतं, आणि अमेरिकन सैनिकांपैकी पाचातला एक जण अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स यांनी मायदेशी परतलेल्यांची पाहणी केली, तेव्हा व्यसन जडलेल्यांपैकी साधारण विसातला एकच पहिल्या वर्षात पुन्हा त्यात अडकलेला आढळला. बाकीचे सगळे अचानक निग्रही झाले, असं म्हणणं जरा कठीण आहे.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण म्हणजे वारी. आळंदी ते पंढरपूर पायी जाणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेली माणसं असतात, वर्षभर शेतात वाकून पाठ धरलेल्या बायका असतात. त्यांची श्रद्धा मोठी आहे यात वाद नाही, पण श्रद्धा घरी बसलेल्यांचीही मोठी असते. चालणाऱ्याला उचलून धरते ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिलेली सोहळ्याची शिस्त. रथाच्या पुढे कितवी दिंडी, मागे कितवी, हे ठरलेलं. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण हे मुक्काम ठरलेले. वळकट्या आणि भांडी घेऊन ट्रक पुढे जातो. दिवे घाट चढून माणसं सासवडला टेकतात तोवर राहुट्या उभ्या असतात आणि चुली पेटलेल्या असतात. ‘आज चालू की नको’ हा प्रश्न पहाटे कुणाला पडतच नाही. पडला तरी आजूबाजूची पावलं थांबत नाहीत. हीच मंडळी गावी परतल्यावर रोज वीस किलोमीटर चालतात का? नाही चालत, आणि त्याबद्दल त्यांना आळशी म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही.

मग माणसाच्या कर्तृत्वाचं काय, असं कुणी विचारील. कर्तृत्व आहेच, फोन उशाऐवजी बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचं शेवटी आपणच ठरवतो. फक्त ते एकदाच ठरवायचं असतं, रोज रात्री फोनशी कुस्ती खेळायची नसते.

खरा आक्षेप वेगळा आहे: ही घडी बसवण्याची मुभा असते कुणाला? बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःसाठी १३ सद्गुणांची वही केली होती आणि आठवड्याला एकेक सद्गुण पक्का करायला घेतला होता. त्यात त्याला सगळ्यात जड गेला तो व्यवस्थितपणा. आत्मचरित्रात कारणही त्याने दिलं आहे: ज्याचा वेळ स्वतःच्या हातात आहे अशा कामगाराला हे जमेल, पण गिऱ्हाइकांच्या वेळेनुसार त्यांना भेटावं लागणाऱ्या छापखान्याच्या मालकाला नाही. आज हे पारडं उलटं फिरलं आहे. मालक पहाटे पाचला उठून पळायला जातो आणि त्यावर भाषण देतो. वेळ हातात नसते ती पाळ्या बदलणाऱ्या नर्सची किंवा सासूचं पथ्य, मुलांची शाळा आणि ७.४२ ची लोकल सांभाळणाऱ्या बाईची. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याने बळकटीच येते. नर्सने घड्याळ सोडून प्रसंगाला धरावं, म्हणजे ड्यूटीवरून आल्यावर, कपडे बदलायच्या आधी दहा मिनिटं व्यायाम, मग तेव्हा सकाळ असो की रात्र. पण एवढ्यानेही भागत नाही तिथे तिला निग्रहाचे धडे देण्यात अर्थ नाही. तिथे पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लागायला हवा. त्याला खर्चही फारसा येत नाही. तरी व्यवस्थापनं वर्षातून एकदा हॉल घेतात, वक्ता बोलावतात आणि २१ दिवसांची गोष्ट ऐकवतात.