तबकडीचं घड्याळ

आमच्या वर्ध्यात जुन्या तबकड्यांना हल्ली बरे दिवस आले आहेत. म्हणजे लोक त्या भिंतीला टांगून राहिले आहेत! कुणी मधल्या भोकात काटे बसवून घड्याळ करतो, कुणी तापवून कडा वळवतो आणि फुलं ठेवतो. "अहो, ऐकता कधी?" विचारलं, तर उत्तर तयार : "काका, गाणी सगळी मोबाईलमध्ये आहेत!"

आहेत ना. पण तिथं गाणं जरा नावडलं की बोट पुढं. तबकडीवरची सुई उचलायला खुर्चीतून उठावं लागे. या आळसाचे संगीतावर फार उपकार आहेत. एल.पी.ची एक बाजू वीसेक मिनिटं चाले. आवडत्या गाण्यापायी नावडतंही ऐकलं जाई, आणि दहाव्या खेपेला तेच आवडू लागे. 1937 साली गेलेले अब्दुल करीम खाँसाहेब लाखेच्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांत ठुमरी उभी करून गेले. आपल्याला तेवढं ऐकायलाही धीर नाही!

घड्याळ कुठल्याही दुकानात मिळतं हो. तबकडी खाली काढा, पुसा, लावा; मागची बाजूही. वर्ध्याच्या मे महिन्यात, भर दुपारी, पंख्याखाली दुसरं करण्यासारखं असतं तरी काय?