जितेशचा २०२५ पुन्हा होईल?

सावेडीत आयपीएलचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "जितेश शर्माला २०२५मध्ये मटका लागला रे, पुन्हा नाही व्हायचं!" मला हे अर्धंच पटतं.

आता आकडे बघा. अमरावतीच्या या विकेटकीपरने (वय तेव्हा ३१, म्हणजे उगवता तारा वगैरे नव्हेच) त्या सीझनला बंगळुरूकडून १४८ चेंडूंत २६१ धावा केल्या. स्ट्राइक रेट १७६! पण त्यातल्या ८५ एकाच मॅचमधल्या. २७ मे, लखनौ, समोर २२८चं टार्गेट, आणि हा पठ्ठ्या ३३ चेंडूंत नाबाद ८५. ती इनिंग बाजूला काढली की उरतात ११५ चेंडूंत १७६, म्हणजे १५३चा रेट. पंजाबकडून २०२२ला त्याचा १६३ होता, २०२३ला १५६. म्हणजे हा आपला नेहमीचाच जितेश की राव! खड्डा पडला तो २०२४ला, १३१. तरीही पुढच्या लिलावात बंगळुरूने ११ कोटी मोजले. त्यांनीही बहुतेक हाच हिशेब मांडला असावा.

सहा-सात नंबरवर खेळणाऱ्याला अख्ख्या सीझनमध्ये दीडशे-दोनशे चेंडू मिळतात. एवढ्याशा डेटावर आम्ही ऑफिसात वेबसाइटच्या बटणाचा रंगसुद्धा बदलत नाही, आणि इथे लोक माणसाचं करिअर ठरवतात! शिवाय २० ओव्हर स्टंपमागे उठाबशा काढतो, ते तर कोणी मोजतच नाही. असो.

मला विचाराल तर ती ८५ पुन्हा मागू नये. १५५च्या आसपासचा रेट मात्र तो देऊ शकतो. फक्त चेंडू मिळायला हवेत, आणि ते वरचे पाच जण ठरवतात.